बोलण्याआधीचं बोलणं

फोनवर माणसं बोलतात हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण माणसं बोलायच्या आधी फोनची यंत्रं एकमेकांशी बोलून घेतात, ही गोष्ट फार कमी जणांच्या ध्यानात येते. सोयरीक जुळवताना दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसायच्या आधी मध्यस्थ दोन्ही घरी फिरून येतो ना, तसंच हे. बोलवायचं कोणाला? तो मोकळा आहे का गुंतलेला? त्यानं उचलला का? पैसे कधीपासून लावायचे? आणि बोलणं संपलं हे कोणी कोणाला सांगायचं? हे पाच सवाल सुटल्याशिवाय आपला 'हॅलो' वीतभरही पुढे सरकत नाही. टेलिफोन खात्यात या बोलण्याआधीच्या बोलण्याला सिग्नलिंग म्हणतात आणि ते करायच्या ठरलेल्या रीतीला प्रोटोकॉल.

मी शेतकरी माणूस, दहावीपर्यंत शिकलेला. पण १९९२ ते २००५ अशी तेरा वर्षं मी शेती सांभाळून गावात एसटीडी बूथ चालवला. बूथच्या भिंतीला भिंत लागून ग्रामपंचायतीची खोली होती आणि त्या खोलीत गावाचं टेलिफोन एक्स्चेंज होतं. तालुक्याहून येणारा टेक्निशियन काम झालं की माझ्याकडे चहाला टेकायचा. मी विचारायचो, तो सांगायचा. पुढचं बरंचसं पुण्यात मोबाइल कंपनीत कामाला असलेल्या पुतण्यानं समजावलं. वाचायचं वेड होतंच. या रीतींचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण प्रत्येक नवी रीत आली की पाठोपाठ तिचा चोरही आला, आणि आता तो चोर आमच्या ओसरीपर्यंत पोचला आहे.

सगळ्यात जुनी रीत हँडलची. आपल्या देशात मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, ते माणसांच्या हातांनी चालणारे. फोनच्या डब्याला बाजूला हँडल असायचं. ते गरगर फिरवलं की आतला छोटा डायनामो वीज तयार करायचा, ती तारेतून एक्स्चेंजात जायची आणि तिथल्या फळीवर आपल्या नंबरची झडप पडायची. यंत्राचा निरोप एवढाच, 'मला काहीतरी म्हणायचंय.' पुढचे पाचही सवाल ऑपरेटर तोंडी सोडवायचा. कोण पाहिजे हे तो विचारायचा, दोरी खुपसून समोरची घंटी वाजवायचा, घड्याळात बघून वेळ लिहायचा आणि बोलणं संपलं की दोरी काढायचा.

आमच्या लहानपणी बाजाराच्या गावी पोस्टात हाच प्रकार होता. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा. साधा कॉल लावला तर सकाळची संध्याकाळ व्हायची. घाई असली तर अर्जंट, आणि मयतासारखं कारण असलं तर लाइटनिंग, त्याचे पैसे साध्याच्या कैक पट. अमुक माणूसच पाहिजे, दुसरा नको, असा पी.पी. कॉलही असायचा. त्यात एक गंमत होती. पोस्टातला ऑपरेटर आवाजावरून माणूस ओळखायचा. 'आबा, कांद्याचा भाव विचारायचाय का? व्यापारी दुपारी गादीवर नसतो, चारनंतर लावू,' असं तोच सांगायचा. म्हणजे पाच सवालांबरोबर एक सहावा सवालही तो न विचारता सोडवत होता: बोलतोय तो खरंच तो आहे का? हा सहावा सवाल वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे सव्वाशे वर्षं तो कोणाला आठवला नाही.

अर्थात माणूस आला की माणसाचे गुणदोष आले. अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाच्या गावी अल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस होता. असं सांगतात, की त्याच्या धंद्यातल्या दुसऱ्या माणसाची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरला येणारे फोन ती नवऱ्याकडे वळवायची. चिडून त्यानं ऑपरेटरच काढून टाकायचं यंत्र शोधलं. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं आणि १८९२ साली इंडियाना राज्यात ला पोर्त इथं त्याचं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. आपल्याकडे असं पहिलं एक्स्चेंज १९१३-१४ साली सिमल्याला बसलं.

या यंत्राची बोली म्हणजे ठोके. गोल डायलमध्ये बोट घालून फिरवलं आणि सोडलं, की डायल मागे येताना तारेतली वीज तोडत यायची. तीन फिरवला तर तीनदा, सात फिरवला तर सातदा, शून्याला दहादा. सेकंदाला साधारण दहा ठोके. एक्स्चेंजातला दांडा एकेका ठोक्याला एकेक पायरी चढायचा. मोठा फरक असा, की पहिल्यांदाच फोन लावणाऱ्याला एक्स्चेंजशी थेट बोलता यायला लागलं, मधला माणूस गेला. आपल्याकडे १९६० साली कानपूर-लखनौमध्ये ऑपरेटरशिवाय दुसऱ्या गावी थेट फोन लावायची सोय झाली. तीच पहिली एसटीडी.

आणि पहिला चोरही इथंच आला. ज्यांनी डायलचे फोन पाहिलेत त्यांना डायलच्या भोकात लावायचं चिमुकलं कुलूप आठवत असेल. मालक कुलूप लावून बाहेर गेला, की पोरं रिसीव्हर ठेवायचं बटण बोटानं ठकठक दाबायची. चार ठोके, जरा दम, परत दोन ठोके, जरा दम. कुलपाला हातही न लावता नंबर लागायचा. कारण एक्स्चेंजाला ठोका फक्त ऐकू येतो, तो डायलनं दिला का बोटानं, हे त्याला कसं कळणार?

ठोक्यांची रीत हळू होती आणि जवळच्यासाठीच बरी होती. १९६३ साली अमेरिकेत बटणांचे फोन विकायला आले. प्रत्येक बटणाला दोन सूर, एक जाड, एक बारीक. पाच दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ हे दोन्ही सूर एकदम वाजतात. दोन का, तर माणसाच्या बोलण्यात किंवा शिट्टीत नेमके तेच दोन सूर एकत्र येणं अवघड, त्यामुळे चुकून नंबर लागत नाही. साठ वर्षांपूर्वीची ही रीत मेली असेल असं वाटतं, पण ती आमच्या विहिरीवर जिवंत आहे. मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलाय. रात्री दीड वाजता लाईट येते तेव्हा गोधडीतूनच फोन लावायचा आणि एक दाबायचं, मोटार चालू. दोन दाबलं, बंद. स्टार्टरच्या डब्याला कळतात ते हेच सूर. आमच्या बापानं रात्रीच्या वेळी विहिरीची वाट तुडवली, त्याला साप चावता चावता राहिला. मी सूर वाजवतो.

आता दोन एक्स्चेंजं आपसात कशी बोलायची ते सांगतो, कारण खरी गोम तिथं आहे. आपल्याकडे बराच काळ 'आर-टू' नावाची रीत चालली. तीही सुरांचीच. सहा सुरांतले कोणतेही दोन घ्यायचे, अशा पंधरा जोड्या होतात, प्रत्येक जोडीला एक अर्थ. पण तिचा खरा गुण हुंकाराचा. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण 'हूं' म्हटल्याशिवाय ती पुढे जात नसे. तसंच इथलं एक्स्चेंज एक आकडा सुरात गायचं आणि पलीकडून हुंकाराचा सूर येईपर्यंत तो सूर धरून ठेवायचं. हुंकार आला की सूर सोडायचा, पलीकडचाही हुंकार थांबायचा, मग पुढचा आकडा. आकडा सहसा हरवायचा नाही. पण मुंबईचा नंबर लावून ग्राहक रिसीव्हर कानाला लावून उभा राहायचा आणि त्याला बारीक चिवचिव ऐकू यायची. 'पाखरं बोलतेत का काय?' असं एका म्हातारीनं मला विचारलं होतं. ती पाखरं म्हणजे एक्स्चेंजंच होती.

आमच्या गावात जे एक्स्चेंज बसलं ते देशी होतं. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदा तिच्यामागं होते. तिनं खेड्यासाठी १२८ पोर्टांचं एक्स्चेंज बनवलं. पहिलं कर्नाटकात कित्तूरला १९८६ साली सुरू झालं. परदेशी यंत्रांना गार हवेच्या खोल्या लागत, याला नाही. आमच्या पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, धुळीत ते कपाटाएवढं यंत्र मुकाट चाललं. बूथमध्ये पैसे मोजायचं यंत्र होतं, तेही सिग्नलिंगवरच जगायचं. पलीकडच्यानं उचललं की एक्स्चेंज माझ्या तारेतले प्लस-मायनस उलटे करायचं. ते उलटले की माझ्या यंत्रावरचे लाल आकडे पळायला लागायचे. दूर मुंबईत एका माणसानं रिसीव्हर उचलला ही गोष्ट माझ्या टेबलावर एवढ्या साध्या खुणेनं पोचायची. रात्री उशिरा पाव दर लागायचा, तेव्हा कडाक्याच्या थंडीतही बूथबाहेर शाली पांघरून रांग असायची.

या सगळ्या रीतींत एक गोष्ट सारखी होती: निरोप आणि बोलणं एकाच तारेतून जायचं. यातला धोका समजायला पाटाचं पाणी बघावं. पूर्वी आमच्याकडे विहिरीवरचा गडी दूरच्या वाफ्यात दारं धरणाऱ्याला खूण म्हणून पाटात लिंबाचा डहाळा सोडायचा. डहाळा तरंगत आला की समजायचं, पाणी तुटणार, शेवटचं दारं मोड. चांगली सोय. पण मधल्याच वाफ्यातल्या पोरानं खोडी म्हणून डहाळा टाकला तर? खालच्याला तो विहिरीवरून आला का मधून, हे कळायला वाट नाही.

अमेरिकेत हेच झालं. तिथं दूरच्या लाइनीवर २६०० हर्ट्झचा सूर वाजत असला की लाइन रिकामी असं समजायचं ठरलेलं होतं. काही पोरांनी हे ताडलं. खात्यानंच आपल्या मासिकात सुरांची माहिती छापलेली होती. ती फुकटच्या नंबरला फोन लावायची आणि मध्येच २६०० चा सूर वाजवायची. पलीकडच्या एक्स्चेंजाला वाटे, माणूस गेला, लाइन मोकळी झाली. सूर थांबला की ते नव्या कॉलची वाट बघे. मग पोरं आकड्यांचे सूर वाजवून जगात कुठंही फोन लावायची, आणि अलीकडचं एक्स्चेंज मात्र फुकटचाच कॉल चाललाय असं समजून बसलेलं. जो एंग्रेसिया हा जन्मांध मुलगा तर तोंडानं तो सूर काढायचा. एका नाश्त्याच्या डब्यात मिळणाऱ्या खेळण्यातल्या शिट्टीतूनही तो निघायचा. सूर काढणाऱ्या डब्याला ब्लू बॉक्स म्हणत. १९७१ साली एका मासिकात त्याची हकीकत छापून आली, ती वाचून स्टीव्ह वोझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्ज यांनी असे डबे बनवून विकले. अॅपल कंपनी काढली ती त्यानंतर.

यावर उपाय एकच, डहाळा सोडायचा बंद. पाणी पाटानं जाऊ दे, निरोप सायकलवरून बांधानं जाऊ दे. अमेरिकेत १९७६ पासून निरोपासाठी वेगळी वाट सुरू झाली आणि १९८० साली जगानं मिळून जी रीत ठरवली तिला सिग्नलिंग सिस्टीम नंबर सात म्हणतात. आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात आली. हिच्यात सूर नाहीत, आकड्यांत बांधलेल्या चिठ्ठ्या आहेत. पहिली चिठ्ठी आयएएम, 'अमुक नंबर पाहिजे, अमुक वाट धरून ठेव.' दुसरी एसीएम, 'पत्ता पुरा मिळाला.' तिसरी एएनएम, 'उचलला.' चौथी आरईएल, 'वाट सोड.' पाचवी आरएलसी, 'सोडली.' पाखरांची चिवचिव संपली. कॉल लागायला पूर्वी दम खावा लागे, तो सेकंदा-दोन सेकंदांत लागू लागला. कोणाचा फोन आहे तो नंबर आधीच दिसू लागला. शिट्टीवाला चोर उपाशी मेला, कारण बोलायच्या तारेत तुम्ही कितीही गा, निरोप्या ती वाट चालतच नाही.

आमच्या लोकांनी या रीतीचा जो उपयोग केला तो कुठल्या इंजिनिअरच्या डोक्यात नसेल. पैसे लागतात ते 'उचलला' ही तिसरी चिठ्ठी आल्यावर. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन चिठ्ठ्या फुकट. त्यातून मिस्ड कॉल जन्मला. एक रिंग म्हणजे लाईट आली, दोन म्हणजे डबा पाठव, तीन म्हणजे टेम्पो मार्केटला पोचला. कंपनीचे निरोपे दिवसभर आमच्यासाठी फुकट राबत. एसएमएससुद्धा बोलण्याच्या वाटेनं जात नाही, तो या चिठ्ठ्यांच्याच वाटेनं जातो. १९९२ च्या डिसेंबरात इंग्लंडात पहिला गेला. वाट अरुंद म्हणून इंग्रजीची १६० अक्षरं आणि देवनागरीची फक्त ७०. त्यातही उकार आणि अनुस्वार वेगळे मोजतात. 'मुंबई' लिहिलं की पाच गेली.

मग नंबर सातची रीत निर्धोक का? नाही. ती ठरली तेव्हा टेलिफोन कंपन्या मोजक्या, बहुतेक सरकारी, एकमेकींना ओळखणाऱ्या. गावकीतल्यासारखा व्यवहार, चिठ्ठी आली म्हणजे खरीच असणार. नंतर मोबाइल आले, देशोदेशी शेकडो कंपन्या झाल्या, पैसे भरून कोणीही या गावकीत शिरू लागला. चिठ्ठी मात्र जुन्याच भरवशावर उघडली जात राहिली. 'तुमचा अमुक ग्राहक सध्या आमच्याकडे आहे, त्याचे निरोप इकडे पाठवा,' अशी खोटी चिठ्ठी पाठवली तर? २०१४ साली जर्मनीत तज्ज्ञांनी हे जाहीरपणे करून दाखवलं. २०१७ साली जर्मनीतच चोरांनी लोकांचे बँकेचे पासवर्ड आधी मिळवले आणि मग अशा चिठ्ठीनं ओटीपी आपल्याकडे वळवून खाती रिकामी केली. आता कंपन्यांनी वेशीवर राखणदार बसवलेत, पण वेस बांधली ती गाव पसरल्यावर.

सगळ्यात नवी रीत इंटरनेटवाल्यांची, तिचं नाव एसआयपी. १९९९ साली ती पहिल्यांदा लिहिली गेली. तिच्यातल्या चिठ्ठ्या साध्या इंग्रजीत असतात. माझ्यासारखा दहावीवालाही त्या वाचू शकतो, पुतण्यानं मला लॅपटॉपवर दाखवल्या. 'इन्व्हाइट' म्हणजे आमंत्रण. '१८० रिंगिंग', घंटी वाजतेय. '२०० ओके', उचलला. 'बाय', संपलं. समोरचा गुंतलेला असला तर '४८६ बिझी हिअर'. सवाल तेच पाच, स्ट्रोजरच्या आधीचे. २०१६ साली फक्त फोरजीवर चालणारी कंपनी आपल्याकडे आली तेव्हापासून गावातले बहुतेक कॉल या रीतीनं जाऊ लागले. तरी टूजीचा बटणवाला फोन ज्याच्या खिशात आहे त्याच्यासाठी नंबर सात अजून राबतेच. एकाच बांधावर बैलगाडी आणि ट्रॅक्टर, तशी गत.

पण निरोप परत पाण्यातूनच जायला लागला. बोलणं आणि निरोप दोन्ही एकाच इंटरनेटच्या पाटात. वाटा आत वेगळ्या राखतात, कुलपंही घालतात, पण जगात कुठंतरी बसलेला माणूस आपल्या आमंत्रणावर '+९१' नं सुरू होणारा दुसऱ्याचाच नंबर लिहून पाठवू शकतो. बाहेर देशातून आलेले पण भारतातल्या नंबराचा मुखवटा घातलेले कॉल अडवायची यंत्रणा सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच १ कोटी ३५ लाख असे कॉल सापडल्याचं जाहीर झालं. अमेरिकेत कॉल पाठवणाऱ्या कंपनीनं आमंत्रणावर आकड्यांतली सही करायची, असा नियम २०२१ पासून आहे. म्हणजे तो सहावा सवाल आत्ता कुठं कागदावर आला.

तोवर आमच्यासारख्यांचं काय झालं ते सांगतो. आमच्याकडे लुबाडणूक झाली ती बहुतेक गोड बोलून, चिठ्ठ्यांची चोरी करून नव्हे. पण लोकांना त्यातला फरक कळत नाही, कळायची गरजही नाही. त्यांचा फोनवरचा भरवसाच उडाला. गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलत भावाला तालुक्याच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री रक्त लागलं. दवाखान्यातून घरच्या नंबरवर चारदा फोन आला. नंबर अनोळखी, म्हणून वहिनींनी उचलला नाही. 'परवाच शेजारच्यांचे तीस हजार गेले ना भाऊजी, आपण कशाला उचलायचा?' त्यांची काय चूक? शेवटी दवाखान्यातला एक पोरगा भर पावसात मोटारसायकलवर निरोप घेऊन आला. भाऊ वाचला. पण सेकंदा-दोन सेकंदांत कॉल लावणाऱ्या इतक्या रीती शोधून निरोप शेवटी चिखलातून आला, हे माझ्या मनातून जात नाही.

यंत्रं सहावा सवाल कधी सोडवतील तेव्हा सोडवोत. आम्ही घरापुरती आमची रीत ठरवली आहे. नवा नंबर असला तरी फोन उचलायचा. समोरचा घरातलं कोणी अडचणीत आहे म्हणाला, तर त्या माणसाकडून एक नाव विचारून घे म्हणायचं, विहिरीच्या अलीकडच्या पट्टीला आमचा आजा काय म्हणायचा ते. घरातल्या सगळ्यांना ते पाठ आहे आणि सातबाऱ्यावर ते कुठंच नाही. नाव बरोबर आलं की पुढचं बोलायचं. ते नाव मी इथंही लिहीत नाही.